तापल्या बिडावर पाणी

॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
१० जानेवारी १९८२

चि. सुमीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे सगळे धडधाकट आहोत, फक्त नाकाचे शेंडे लाल झालेत. पाकिटात हलव्याचे दाणे घातलेत, घरी केलेले. पोचेपर्यंत पीठ झालं तर पीठ चाट आणि गोड बोल. काटा मात्र असा फुललाय की कोल्हापुरात उभ्या जन्मात फुलला नव्हता. या थंडीचा मला सापडलेला हा एकच उपयोग.

थंडी म्हणजे काय ते तुला कसं सांगू? गेल्या आठवड्यात बर्फाचा पाऊस पडला आणि तारा तुटून वीज गेली. हे घर सगळं विजेवर चालतं. दिवे, स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, घरातली ऊब, सगळं. ते सगळं एकदम बंद. दोन दिवस आम्ही चौघं एका खोलीत, घरातल्या झाडून सगळ्या रजयांखाली. शैलेंद्रने कानटोपी घातली, मृणालिनीने डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि मी तू दिलेलं घोंगडं घेऊन बसले. मी आले तेव्हा त्या घोंगड्याला हसणारा माझा इंजिनिअर मुलगा रात्री हळूच त्याचं एक टोक ओढत होता. दीपाला विचारलं, बाळा, फार थंडी वाजते का? तर म्हणते, "आजी, धिस इज द बेस्ट हॉलिडे एव्हर!" आठ वर्षांच्या पोरीला काय, घर गोठलं तरी सुट्टीच.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे लाकडावरची शेगडी आहे. लोखंडी पेटीत ओंडके जळतात, धूर नळकांड्यातून छपरावर जातो आणि अख्खं घर उबदार. तिथून आल्यापासून शैलेंद्रच्या डोक्यात तेच. दुकानातल्या फळ्यावर त्याने एक चिठ्ठीही बघून ठेवली आहे. प्लेन सिटी नावाच्या खेड्याकडे कोणी एक म्हातारी बाई आपली जुनी शेगडी विकते आहे. नवी परवडत नाही असं नाही, पण जुन्या वस्तू घासाघीस करून घेण्यात त्याला त्याच्या वडिलांसारखाच आनंद.

मृणालिनीचा साफ विरोध. धूर होईल, ठिणगी उडेल, दीपाचा हात भाजेल, इन्शुरन्सवाले कटकट करतील. शेवटी म्हणाली, "आणि दिवसभर लाकडं घालत बसणार कोण? आपण दोघं ऑफिसला, दीपा शाळेत. मार्चनंतर तर घरात कुणीच नाही." तिचं बरोबरच आहे. ती प्रयोगशाळेत काम करते, प्रत्येक गोष्ट तपासून बघायची तिला सवय.

आता गंमत ऐक. या खटल्यात न्यायाधीश मी! शैलेंद्र म्हणतो, "आई, तू जन्मभर अंघोळीचा बंब पेटवलास. तुला लाकडातलं कळतं. तू सांग, घ्यायची की नाही." मी म्हटलं, बाबा, बंबफोड किती घालायची ते मी सांगेन, पण तुमच्या घरात काय आणायचं ते तुम्ही ठरवा. मी मार्चपर्यंतची पाहुणी, माझा काय संबंध? तरी रोज रात्री जेवताना तोच विषय निघतो आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघतात. मी वरणाकडे बघते.

तू खोलीला रंग काढते आहेस असं लिहिलंस. आकाशी दे, पिवळा नको, पिवळ्याने मला कावीळ झाल्यासारखं वाटतं. माझं तिकीट मी आले त्या दिवसापासून फ्रिजवर लावून ठेवलंय, सगळ्यांना दिसेल असं. मार्चची वीस तारीख. उगाच कुणाला वाटायला नको की म्हातारी इथे पाय पसरून बसली. आपलं ठरलंय ते ठरलंय. तुझे भावोजी गेल्यापासून तू एकटी मंगळवार पेठेत आणि मी एकटी कॉलनीत, दोन कुलपं कशाला?

हळदीकुंकवाला इथे बायका जमल्या तर कळवीन. पायाला तेल चोळत जा.

तुझी
अक्का


॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
२४ जानेवारी १९८२

चि. सुमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अजून आलं नाही, पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. काल आम्ही ती शेगडी बघून आलो. आणि मी तिथे पराक्रम करून आले.

बाईचं नाव मिसेस केस्लर. वय माझ्याहून दहा वर्षांनी तरी जास्त, अंगात पुरुषी पँट आणि गुडघ्यापर्यंत बूट. नवरा गेला, शेती दुसऱ्याला दिली, आणि आता ही ॲरिझोना नावाच्या गरम मुलखात मुलीकडे राहायला निघाली आहे. तिथे शेगडीचं काय करणार, म्हणून विकायची. मला बघून म्हणाली, "कम इन, हनी, युअर फीट!" मी मोज्यांवर चपला घालून गेले होते. तिने मला ओढत शेगडीपुढे नेऊन बसवलं आणि हातात कॉफी दिली. पद्मिनी म्हणता येईना, म्हणून दोन घोट होईपर्यंत मी पॅडी झाले.

शेगडी छान आहे, सुमी. खोटं कशाला बोलू? आईच्या घावनांच्या तव्यासारखी काळीभोर, बिडाची, चार वाकडे पाय, पुढे दार आणि वरती जाड चौकोनी झाकण, उचलून काढता येणारं. आम्ही येणार म्हणून तिने सकाळपासून पेटवून ठेवली होती. शैलेंद्र शेगडीभोवती दोनदा फिरला आणि मग बोट वाकवून पेराने तिच्या पायांवर टकटक करत बसला, कान देऊन. असं ओतकामाच्या कारखान्यात त्याचे बाबा करायचे. ओतलेल्या मालावर टिचकी मारायचे, खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत भेग. रविवारी हा पोरगा त्यांच्याबरोबर जायचा. इतक्या वर्षांत मी त्याला असं करताना बघितलं नव्हतं. मी कॉफीच्या कपात तोंड घातलं.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला विचारलं, मुलीने बोलावलं का तुला? तर ती खो खो हसली. म्हणाली, "नोबडी आस्क्ड मी, पॅडी! आय टोल्ड हर आय वॉज कमिंग." म्हणजे कुणी बोलावलंच नाही, हिनेच सांगून टाकलं की मी येते. काय बाई तरी! आपल्याकडे कुणी असं करेल का?

मग तिने शैलेंद्रला विचारलं, "हू इज होम ऑल डे टू फीड हर?" दिवसभर हिच्या तोंडात लाकूड घालायला घरी कोण असतं? साधाच प्रश्न.  शैलेंद्रने माझ्याकडे बघितलं. मृणालिनीने खिडकीबाहेर बघितलं. दीपा म्हणाली, "आजी!"

नंतर सगळे कोठारात रचलेली लाकडं बघायला गेले. बाहेर वारा होता म्हणून मी आतच थांबले. आणि आता पराक्रम. तुला माहीत आहे ना, चूल पेटती ठेवून घर सोडायचं नाही, पाणी शिंपडून शांत करायची आणि मग उठायचं, असं आईने आपल्या हाडात मुरवलंय. निघायची वेळ झाली होती. मी सवयीने तिथलं गार पाण्याचं भांडं उचललं आणि पाणी ओतलं. नेमकं त्या तापलेल्या झाकणावर. टण्ण असा आवाज झाला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग!

सगळे धावत आले. मी म्हटलं, सॉरी, सॉरी, आमच्याकडे असंच करतात. शैलेंद्रने तिला इंग्रजीत आमच्या चुलीचं शास्त्र समजावलं. दीपा नाचत होती, "आजी ब्रोक इट! आजी ब्रोक इट!" मिसेस केस्लरने वाकून भेग बघितली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि नुसतं "वेल" म्हणाली. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.  शैलेंद्र एरवी ड्राइव्ह करताना गुणगुणतो, येताना तेही नाही.

तर शेगडीचा विषय संपला. फुटकी शेगडी कोण घेणार? एका परीने बरंच झालं. नवरा-बायकोत रोज त्यावरून धुसफूस चालायची ती मिटली. मृणालिनीने संध्याकाळी मला चहा करून दिला, आलं घालून. न मागता.

माझी तयारी सुरू आहे. तुझ्यासाठी गरम पायमोजे घेतलेत, आणि तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, सुमतीबाईंना, साबण.

तुझी
वेंधळी अक्का


॥ श्री ॥

डब्लिन, ओहायो
२० फेब्रुवारी १९८२

माझ्या सुमीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते शेवटी घे.

बुधवारी तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं म्हणून मी खुशीत उघडलं, तर आत खोलीच्या आकाशी रंगाचा नमुना कागदावर फासून पाठवलेला आणि सोबत दोनच ओळी. "अक्का, आईचा बिडाचा तवा गरम असताना मी नळाखाली धरला आणि तो फुटला, तेव्हा मी सात वर्षांची होते. तू साठीची आहेस आणि भावोजींबरोबर तीस वर्षं ओतकामवाल्यांच्या कॉलनीत राहिलीस. खरं काय ते लिही."

बाई गं, शाळा सुटली तरी तुझी मास्तरीण सुटली नाही.

तर खरं हे. मी पाणी मुद्दाम ओतलं. चूल शांत करायची तर निखाऱ्यावर शिंपडायचं असतं, झाकणावर भांडं उपडं करायचं नसतं. मला ते बीड फुटणार हे पक्कं माहीत होतं, आणि फुटल्यावर कुणी मला रागावणार नाही हेही. परदेशी म्हाताऱ्या बाईच्या चालीरीतींना कोण काय बोलणार?

कशासाठी ओतलं ते सांगते. त्या बाईने घरी कोण असतं असं विचारलं आणि शैलेंद्रने माझ्याकडे बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला ऊब-बीब काही नको आहे. अशी शेगडी माणूस घरात असल्याशिवाय चालत नाही. ती आणली की मला थांबवायला कारण मिळतं. तोंडाने "आई, राहा" म्हणायचं नाही, लोखंडाचं धूड आणून ठेवायचं आणि म्हणायचं, आता हिला कोण बघणार! अगदी बापावर गेलाय. त्यांनीही मला लग्नाआधी कधी विचारलं नाही, आमच्या दारात गुळाची ढेप आणून ठेवली होती. आणि मृणालिनीला मी नको आहे, असं मी धरून चालले होते. "मार्चनंतर घरात कुणीच नाही" हे ती इतक्या सहज म्हणाली होती की तो काटा माझ्या मनात बसला होता. माझ्यावरून त्यांच्यात वाद नको, हे एक. आणि दुसरं, जे मी तुलासुद्धा लिहिलं नव्हतं. मला लाकडं घालायला ठेवून घेतलेली बाई म्हणून राहायचं नव्हतं. कुणी थांब म्हणालं असतं तर मी थांबले असते. मला थांबायचं होतं, सुमी. नोव्हेंबरपासूनच थांबायचं होतं.

 पुढचं वाच.

बुधवारीच संध्याकाळी फोन वाजला. मिसेस केस्लर. कोठार आवरताना तिला शेगडीचं दुसरं झाकण सापडलं. तिच्या नवऱ्यानेही पूर्वी एकदा असंच फोडलं होतं, ओल्या बुटांवरचा बर्फ झटकून, तेव्हा त्याने दोन विकत आणली होती. म्हणजे माझा एवढा पराक्रम पाण्यात! शैलेंद्रने फोन ठेवला आणि सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाला, "आई, झाकण मिळालं. आता सांग, काय करू?"

मी पोळ्या लाटत होते. तुझं पत्र कमरेला खोचलेलं. मला एकदम संताप आला. लाटणं ओट्यावर आपटलं आणि म्हटलं, "मला शेगडीचं विचारू नकोस. जे विचारायचंय ते विचार!"

त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. म्हणाला, "आई, तू चुकून बिडावर पाणी ओतणार नाहीस. मला तेव्हाच कळलं. बाबा कारखान्यातून आले की तापलेल्या बिडाचं काय होतं ते तूच आम्हाला सांगायचीस. मग मला वाटलं, हिला राहायचं नाही, आणि तोंडावर नाही म्हणायला जीव होत नाही. म्हणून गप्प बसलो."

 त्याला कळलं होतं, आणि त्याने त्या बाईला माझं चुलीचं शास्त्र इतक्या तन्मयतेने समजावलं होतं!

तेवढ्यात मृणालिनी भांडी टाकून आली, हात ओले. "आई, मी एक बोलू? तुम्ही आलात त्या दिवशी अजून बॅग उघडली नव्हती, आणि तिकीट फ्रिजवर लावलंत. रोज सकाळी दूध काढताना मी ते बघते. कुणी फोन केला की तुम्ही पहिल्यांदा सांगता, मी वीस मार्चला जाणार. मला वाटलं, तुम्ही दिवस काढताय. अशा माणसाला कुठल्या तोंडाने राहा म्हणू? आणि म्हटलं असतं तरी लाकडं उचलायला? तुमच्या गुडघ्यांची मला काळजी वाटते हो, म्हणून मी शेगडी कॅन्सल करा म्हणत होते."

"मग हे आधी बोलायला तुझं तोंड कुणी धरलं होतं?" मी विचारलं.

"तुमच्या तिकिटाने!" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मीही. कणकेचे हात तसेच तिच्या पाठीवर. तिच्या चांगल्या स्वेटरचा मी सत्यानाश केला.

मग शैलेंद्रने विचारलं. एकदाचं. "आई, आमच्याकडे राहशील?" शेगडीचं नाव नाही, दीपाचं नाव नाही, काही नाही. मी हो म्हटलं. इतका वेळ दारात उभी राहून आमच्याकडे टकमका बघणारी दीपा म्हणाली, "सो आर वी गेटिंग द स्टोव्ह ऑर नॉट?"

शेगडी काल आली. मृणालिनीची अट आहे, ओंडके शैलेंद्र फोडणार आणि आत आणून ठेवणार, मी फक्त बसल्या बसल्या एकेक घालणार. मिसेस केस्लर स्वतः आली होती, नळकांडं नीट बसलंय का ते बघायला. मी तिला त्या दिवशीचं खरं सांगून टाकलं, माझ्या इंग्रजीत, म्हणजे अर्धं हातांनी. ती म्हणाली, "हनी, आय न्यू." या बाईलाही कळलं होतं! मला वाटत होतं मी मोठी चतुर, आणि अख्ख्या ओहायोला माहीत होतं. जाताना फुटकं झाकण तिने माझ्या ओटीत घातलं, दोघी विधवा असलो तरी हळदकुंकू लावून मी तिच्या ओटीत नारळ घातला त्याच्या बदल्यात.

मग नवीन चुलीवर दूध उतू घालायचं म्हणून मी पातेलं ठेवलं. बिडाच्या शेगडीवर उतू गेलेलं दूध कसं करपतं ते देवाला ठाऊक. घरभर असा वास की मृणालिनीने फेब्रुवारीत सगळ्या खिडक्या उघडल्या. ऊब आणायला शेगडी आणली आणि पहिल्याच दिवशी आम्ही चौघं पुन्हा रजयांखाली!

आता तुझं.

सुमी, तू खोलीला रंग दिलास. खिडकीजवळ माझी खाट घातलीस. तू कधी काही मागत नाहीस, आणि एकदाच मागितलंस, की अक्का, तू येऊन राहा. मी हो म्हटलं होतं. आणि आता मी येत नाही. शेगडीवर ढकलू शकले असते, की बघ बाई, लाकडं घालायला कुणी नाही. पण शेगडीमुळे नाही. मला माझ्या मुलाच्या घरी राहायचं आहे, आणि ते तुला दुखवणार हे माहीत असून मला राहायचं आहे. तुझ्या दोन ओळी वाचल्या तेव्हापासून तू एकटी संध्याकाळी दिवा लावतेस ते डोळ्यांसमोरून हलत नाही. रागाव. मला रागावून लिही, गप्प बसू नकोस. या घरात आम्ही तिघांनी गप्प बसून काय करून ठेवलं ते तू वाचलंसच.

मे महिन्यात इथली थंडी संपते आणि शेगडी विझते. तेव्हा मी येते, आंबे संपायच्या आत, आणि दसरा तुझ्याजवळ करून मगच परतते. तिकीट बदलून घेतलंय. ते आता फ्रिजवर नाही, माझ्या ट्रंकेत आहे. दरवर्षी असंच करू, अंगात त्राण आहे तोवर. आणि एखाद्या वर्षी तू इकडे ये. तुझ्या इंग्रजीपुढे मिसेस केस्लरसुद्धा सरळ उभी राहील.

खाट काढू नकोस. आकाशी रंग फार गोड आहे, कागद मी उशाशी ठेवलाय.

आईचा तो फुटका तवा अजून तुझ्या मागच्या दारी पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून आहे ना? त्याच्या शेजारी जागा करून ठेव. मी माझं फुटकं झाकण ट्रंकेत घालून आणते आहे. विमानवाले वजनाला कुरकुरले तर कुरकुरू देत. तुझं तू फोडलेलं आणि माझं मी फोडलेलं, दोन्ही एका दारात राहू देत.

मे महिन्यात येणारी, मुळीच वेंधळी नसलेली,
तुझी
अक्का